मुदतीच्या तापात सुरुवातीला जुलाब का लागत नाहीत?

उन्हाळ्यातल्या लग्नात बराच वेळ उघड्यावर राहिलेलं मेयोनीजचं सँडविच पोटात जातं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मुरडा, उलट्या, जुलाब, ताप. माणूस दोन-तीन दिवस गळून जातो, पण बहुतेक जण आठवड्याच्या आत उठून कामाला लागतात. आता दुसरा प्रकार बघा. कुठेतरी खराब पाणी पिण्यात येतं. आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे काहीच होत नाही. मग ताप रोज थोडा थोडा चढत जातो. डोकं ठणकतं, भूक मरते, जिभेवर पांढरट थर जमतो. पोटाची तक्रार असलीच तर मोठ्या माणसांत बरेचदा ‘साफ होत नाही’ अशीच असते. हा टायफॉइड, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘मुदतीचा ताप’.

हे दोन्ही आजार करणारे जिवाणू एकाच प्रजातीचे आहेत. प्रजातीचं नाव साल्मोनेला एन्टेरिका. पहिल्या आजारामागे बरेचदा तिचा ‘टायफीम्युरियम’ हा प्रकार असतो आणि दुसऱ्यामागे ‘टायफी’. दोघांची बहुतेक जनुकं सारखी आहेत आणि दोघेही तोंडावाटेच शरीरात येतात. तरी एक आल्या आल्या आतड्यात हलकल्लोळ माजवतो आणि दुसरा आतडं ओलांडून गुपचूप रक्तात पोहोचतो. असं का होतं हे कळलं की आतड्याची रोगप्रतिकारव्यवस्था जंतू ओळखते कशी, हेही आपोआप कळतं.

आधी आतड्याची अडचण समजून घेऊ. त्वचा जाड असते, तिच्यावर मेलेल्या पेशींचे थर असतात. आतड्याला ती चैन परवडत नाही, कारण त्याला अन्न शोषून घ्यायचं असतं. म्हणून पोकळीतला माल आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एकच थर ठेवलेला आहे. हा थर घड्या आणि बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांनी इतका पसरलेला आहे की सपाट केला तर सुमारे 30 चौरस मीटर भरेल. जुन्या पुस्तकांत टेनिसच्या मैदानाएवढा असं लिहिलेलं सापडतं. नव्या मोजमापात ते मैदान बरंच आक्रसलं. या थराच्या पलीकडे, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची प्रचंड वस्ती आहे. शरीरात एकूण 38 लाख कोटींच्या आसपास जिवाणू असावेत असा 2016 सालचा हिशेब आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच.

यातले जवळजवळ सगळे निरुपद्रवी, आणि बरेचसे उपयोगी. दिसेल त्या जिवाणूवर तुटून पडायचं ठरवलं तर आतडं जेवणागणिक पेटेल. क्रोन्ससारख्या आजारांत साधारण हेच घडतं. तिथे आतड्याचा दाह विझतच नाही. म्हणून आतड्यातल्या रोगप्रतिकारपेशी बहुतेक वेळ हात राखून असतात. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत बाटल्या विकणाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. आतड्यातली प्रतिकारशक्ती नुसती वाढवली तर माणूस सुदृढ होईलच असं नाही, तो आजारीही पडू शकतो.

अशा ठिकाणी साल्मोनेला शिरतो तेव्हा त्याच्यापुढचे पहिले अडथळे अगदी साधे असतात. पहिला अडथळा जठरातलं आम्ल. ते किती मोलाचं आहे, हे दोन प्रयोगांच्या तुलनेतून दिसतं. 1950 ते 1970 च्या दशकांत अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्वयंसेवकांना मोजून टायफी पाजण्यात आला. यातले अनेक जण तुरुंगातले कैदी होते, आणि त्यांची संमती कितपत मोकळी होती हा प्रश्न आजही बोचतो. हजार जिवाणू पाजलेल्या 14 जणांपैकी एकालाही टायफॉइड झाला नाही. लाखभर पाजल्यावर चारातल्या एकाहून थोड्या जास्त जणांना झाला आणि शंभर कोटींना जवळजवळ सगळ्यांना. पुढे ऑक्सफर्डमध्ये तोच वाण वापरून प्रयोग झाले. 2014 साली त्यांचे निष्कर्ष आले. या वेळी आधी खाण्याच्या सोड्याचं पाणी देऊन जठरातलं आम्ल मारलेलं होतं. आता सुमारे हजार जिवाणूंतही निम्म्याहून अधिक जण आजारी पडले. जेवण झालं की उगाच अँटासिड घेणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. डॉक्टरांनी कारण पाहून दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट.

दुसरा अडथळा म्हणजे आधीच वस्ती करून असलेले जिवाणू. ते खाणं संपवतात, आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ शिल्लक राहू देत नाहीत आणि नवख्याला पाय रोवू देत नाहीत. 1950 च्या दशकात शिकागोत मार्जोरी बोनहॉफ आणि सी. फिलिप मिलर यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तेव्हा हे ध्यानात आलं. एरवी साल्मोनेलाचा संसर्ग व्हायला लाखभर जिवाणू लागत. अँटिबायोटिकनंतर दहापेक्षाही कमी पुरू लागले. मनानेच अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात त्यामागे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची भीती असतेच, पण हेही एक कारण आहे.

तिसरा अडथळा श्लेष्माचा. आतड्याच्या थरात विखुरलेल्या गॉब्लेट पेशी सतत बुळबुळीत स्राव सोडत असतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर होतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू मजेत राहतात, आतल्या घट्ट थरात मात्र त्यांना जवळपास शिरताच येत नाही. लहान आतड्यात हा थर विरळ असतो. तिथली उणीव पॅनेथ पेशी भरून काढतात. उंचवट्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यांत बसून त्या जिवाणू मारणारी प्रथिनं सोडतात. त्यातलंच एक लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंगने 1922 साली, म्हणजे पेनिसिलिनच्याही आधी, त्याचं वर्णन केलं होतं. आपल्या अश्रूंमध्येही ते असतं.

इथपर्यंत कुणी कुणाला ‘ओळखलेलं’ नाही. ओळख पटते ती पुढे, पेशींवरच्या ग्राहकांमुळे, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनांमुळे (इंग्रजीत रिसेप्टर).

प्रत्येक रोगजंतूसाठी वेगळा ग्राहक ठेवणं शरीराला शक्य नाही. त्याऐवजी ते जिवाणूंना ज्यांच्यावाचून चालत नाही अशा मोजक्या गोष्टी हेरतं. जिवाणूच्या बाह्य आवरणातला एलपीएस हा स्निग्ध-शर्करेचा रेणू, भिंतीचे तुकडे, पोहण्यासाठी लागणाऱ्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन. या गोष्टी मानवी पेशीत नसतात, म्हणून त्या दिसल्या की समजावं, पाहुणा बाहेरचा आहे. हे हेरणाऱ्या ग्राहकांचं एक मोठं कुटुंब आहे, ‘टोल-लाइक रिसेप्टर’ (टीएलआर). त्याचा माग फळमाशीवरच्या संशोधनातून लागला. टोल नावाचं जनुक बिघडलेल्या माशा बुरशीने मरतात, असं झ्यूल्स हॉफमन यांच्या गटाने 1996 साली दाखवलं. 1998 मध्ये ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने उंदरात एलपीएसचा ग्राहक शोधला, तो याच कुटुंबातला निघाला. दोघांना 2011 च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा राल्फ स्टाइनमन यांचा, त्यांनी शोधलेल्या डेंड्रायटिक पेशींसाठी. या पेशी पुढे येणारच आहेत.

आता पेच असा की एलपीएस, भिंत, शेपटी या गोष्टी निरुपद्रवी जिवाणूंकडेही असतात. मग रोज कोट्यवधी जिवाणू शेजारी असताना गजर का होत नाही?

याचं एक सुंदर उत्तर ग्राहकाच्या जागेत आहे. रस्त्यावरून दिवसभर माणसं जात असतात, कुणी हरकत घेत नाही. त्यातलाच एखादा रात्री माजघरात उभा दिसला तर आरडाओरडा होतो. तो कोण आहे हे नंतर बघू, तिथे काय करतोय हा पहिला प्रश्न. आतड्याची पेशीही जागेवरूनच निवाडा करते. फ्लॅजेलिन ओळखणारा टीएलआर-5 हा ग्राहक मानवी आतड्याच्या पेशीवर प्रामुख्याने पोकळीकडच्या बाजूला नसून उलट बाजूला, शरीराच्या आतल्या अंगाला असतो. पोकळीत शेपट्या हलवत फिरणाऱ्यांची तो दखल घेत नाही. थर ओलांडून पलीकडे कुणी शेपटी हलवली, तरच तो जागा होतो.

आणखी आत, पेशीच्या पोटात, दुसरी व्यवस्था आहे. टायफीम्युरियमकडे सुईसारखं एक यंत्र असतं. पेशीला टोचून तो आपली प्रथिनं आत सोडतो. त्यांच्या प्रभावाखाली पेशी स्वतःच पृष्ठभाग उंचावून त्याला गिळून घेते. पण असं टोचताना सुईचे तुकडे आणि थोडं फ्लॅजेलिन पेशीच्या द्रवात सांडतं. तिथे त्यांचं काहीही काम नसतं. नाइप आणि एनएलआरसी-4 नावाची प्रथिनं ते ताबडतोब पकडतात आणि इन्फ्लमसोम नावाची एक मोठी जुळणी तयार होते. परिणाम टोकाचा असतो. ती पेशी आतल्या जिवाणूंसकट थरातून उपटली जाते आणि पोकळीत फेकली जाते. शेजारच्या पेशी सरकून जागा भरतात, भिंतीला भोक पडत नाही. जाता जाता ती पेशी धोक्याचे रासायनिक निरोपही सोडते. उंदरांत ही यंत्रणा काढून टाकली की संसर्गाच्या पहिल्या काही तासांत त्यांच्या आतड्याच्या थरात साल्मोनेलाची संख्या कितीतरी पटींनी वाढते. एरवीही आतड्याचा हा थर चार-पाच दिवसांत नवा होतो. पेशी गमावणं आतड्याला महाग पडत नाही, हे इथे कामी येतं.

निरोप मिळाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आतड्याकडे धाव घेतात. त्या थरातून वाट काढून थेट पोकळीत उतरतात आणि दिसेल त्याला मारत सुटतात. पाठोपाठ आयएल-17 आणि आयएल-22 हे निरोपे रेणू येतात. आयएल-22 आतड्याच्या पेशींना जिवाणूनाशक प्रथिनं अधिक बनवायला लावतो, श्लेष्म वाढवतो. पाणी आणि क्षार पोकळीत झिरपू लागतात. यालाच आपण जुलाब म्हणतो. जंतू बाहेर ढकलले जातात हे खरं, पण त्यासोबत शरीरातलं पाणीही जातं, आणि लहान मुलांचा जीव त्यातच जाऊ शकतो. त्यामुळे ‘होऊ दे, घाण निघून जाईल’ म्हणत बसायचं नसतं. ओआरएस पहिल्या जुलाबापासून सुरू करायचं.

याच वेळी नजरेआड आणखी एक लढाई चालू असते, ती लोखंड आणि जस्त यांवरून. या धातूंशिवाय जिवाणू वाढू शकत नाही. न्यूट्रोफिल पेशी कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन ओततात, ते जस्त बांधून ठेवतं. (शौचाच्या नमुन्यात हेच कॅल्प्रोटेक्टिन मोजून डॉक्टर पोटाच्या जुन्या दुखण्यात आतड्याला खरोखर दाह आहे की नाही ते ठरवतात.) लोखंड मिळवायला जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतात, तो लोखंड पकडून परत आणतो. आपल्या पेशी लिपोकॅलिन-2 सोडून तो रेणूच अडवतात. शरीराची योजना चोख आहे. पण साल्मोनेलाने त्या रेणूला साखर चिकटवून त्याचा आकार बदललाय. लिपोकॅलिनला तो पकडता येत नाही. जस्त ओढून घेणारा जोरदार पंपही त्याच्याकडे आहे. उपाशी मरतात ते आपले घरचे जिवाणू.

यावर कडी 2010 साली कॅलिफोर्नियातल्या आंद्रेआस बॉयमलर यांच्या गटाने उघड केली. न्यूट्रोफिल जे ऑक्सिडीकारक रेणू फवारतात, त्यांच्यामुळे आतड्यातल्या गंधकाच्या एका संयुगाचं टेट्राथायोनेट बनतं. प्राणवायू नसलेल्या जागी साल्मोनेला हे टेट्राथायोनेट वापरून श्वसन करतो, ते जमत नसलेल्या शेजाऱ्यांना मागे टाकतो. म्हणजे टायफीम्युरियमला दाह हवाच असतो. गजर होणं हा त्याच्या योजनेचाच भाग आहे. जुलाबांवाटे तो पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो आणि तोवर त्याला भरपूर वाढून घेता येतं. हे वाचल्यावर मला तरी ‘शरीर विरुद्ध जंतू’ ही सरळ गोष्ट पूर्वीसारखी पटेनाशी झाली.

मग शेवटी तो जातो कसा? घरचे जिवाणू हळूहळू परततात, हे एक. दुसरं उत्तर तयार व्हायला आठवडाभर लागतो. लहान आतड्याच्या भिंतीत, विशेषतः शेवटच्या भागात, लसिकापेशींचे (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचे) पुंजके असतात. योहान कॉन्राड पायर या स्विस वैद्याने 1677 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते पायरचे पुंजके. त्यांच्यावरच्या थरात ‘एम पेशी’ असतात. त्यांच्यावर श्लेष्म कमी असतो आणि पोकळीतले कण उचलून आत सोडणं हेच त्यांचं काम असतं. खाली डेंड्रायटिक पेशी वाट पाहत असतात. त्या नमुना घेऊन लसिकापेशींना दाखवतात. त्यातून निवडलेल्या बी पेशी रक्तातून फेरी मारून पुन्हा आतड्यात येतात आणि आयजीए नावाचं प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवू लागतात. निरोगी माणूस रोज काही ग्रॅम आयजीए आतड्यात सोडतो, बाकी सगळ्या प्रतिपिंडांहून जास्त. ते जिवाणूला मारत नाही, त्याला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. झुरिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये उंदरांत दाखवलं की आयजीए लागलेला साल्मोनेला दुभंगला तरी त्याची पिल्लं एकमेकांना चिकटूनच राहतात. त्यांचे गठ्ठे होतात आणि मळाबरोबर निघून जातात. दाह नाही, गोंधळ नाही. आईच्या आतड्यात तयार झालेल्या या पेशी स्तनांतही पोहोचतात, म्हणून बाळंतिणीच्या पहिल्या चिकात आयजीए भरपूर असतं. ते दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती मोडलीच पाहिजे.

आता टायफीकडे वळू. तोही एम पेशींतून, पायरच्या पुंजक्यांतूनच आत येतो. पण थर ओलांडला की तो टीव्हीआयए या नियंत्रक जनुकाच्या मदतीने शेपटीचं प्रथिन आणि टोचायची सुई बनवणं आटोक्यात आणतो. टीएलआर-5 ला फ्लॅजेलिन दिसत नाही, इन्फ्लमसोमला सुई सापडत नाही. त्याच जनुकाच्या हुकमाने तो अंगाभोवती ‘व्हीआय’ नावाचं शर्करेचं आवरण चढवतो. टायफीम्युरियमकडे हे आवरण नाही. त्याखाली एलपीएस झाकला जातो आणि जंतूंवर चिकटून त्यांना मारायला मदत करणारी रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं नीट बसू शकत नाहीत. न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप क्षीण पडतात. म्हणून आतड्यात पू नाही, मुरडा नाही, जुलाबांचा लोंढा नाही.

गजर झालाच नाही म्हटल्यावर टायफी मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या पोटात बसून लसिकेतून रक्तात, तिथून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत पोहोचतो. आठ-दहा दिवस काहीच होत नाही असं आपल्याला वाटतं, ते हे दिवस. ताप चढतो तेव्हा तो सगळीकडे वाढून पुन्हा रक्तात उतरलेला असतो. पित्ताशयातून पित्ताबरोबर तो परत आतड्यात येतो. आता पायरच्या पुंजक्यांतल्या पेशी त्याला ओळखून आहेत. उशिरा आलेला हा दाह तिथेच उसळतो, पुंजके सुजतात, त्यांना व्रण पडतात. उपचार झाले नाहीत तर साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याची भीती असते. टायफॉइडमध्ये ताप उतरायला लागला तरी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये, अचानक पोट दुखून कडक झालं तर लगेच रुग्णालय गाठावं, ते यासाठी.

काही जणांच्या पित्ताशयात तो कायमचा मुक्काम ठोकतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. स्वतः ठणठणीत असून तिच्या हातच्या अन्नातून अनेकांना टायफॉइड झाला. 1907 साली ती सापडली आणि 1938 मध्ये मरेपर्यंत आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षं तिला एका बेटावर एकटं ठेवलं गेलं.

इथे विडाल टेस्टबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ताप आला की ती हमखास लिहिली जाते. 1896 पासूनची ही तपासणी जंतू शोधत नाही. साल्मोनेलाच्या एलपीएसविरुद्ध आणि शेपटीविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं आहेत का, एवढंच ती बघते. जुना संसर्ग, कुळातल्या दुसऱ्याच कुणाशी आलेला संबंध, कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, जास्त भरवशाचं. तेही प्रत्येक वेळी जंतू पकडत नाही, पण पकडला तर कोणतं औषध लागू पडेल हे सांगतं. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये 2016 पासून बहुतेक नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टायफी पसरला आहे, हे पाहता ती माहिती सोन्याच्या मोलाची.

आणि लस? ती नेमकी त्या व्हीआय आवरणावरच बेतलेली आहे. नुसती शर्करा टोचली तर दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर तिला फारसा प्रतिसाद देत नाही, आणि मोठ्यांतही स्मरण टिकत नाही, कारण बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी (याही लसिकापेशीच) प्रथिनं ओळखतात, शर्करा नाही. म्हणून ती शर्करा धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडली गेली. प्रथिन पाहून टी पेशी मदतीला येतात आणि बी पेशी शर्करेविरुद्ध पक्की प्रतिपिंडं बनवतात. हैदराबादच्या भारत बायोटेकची अशी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये सार्वजनिक मोहीम काढून ती मुलांना टोचायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेने ही लस मोठ्या प्रमाणावर देण्याची जगातली ती पहिली वेळ. पहिल्याच टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली.

लस घेतलेल्यालाही मुदतीचा ताप येऊ शकतो. एक तर लस शंभर टक्के नाही. दुसरं म्हणजे असाच ताप आणणारा पॅराटायफी-ए हा आणखी एक भाईबंद आपल्याकडे आहे. त्याच्या अंगावर व्हीआय आवरण मुळातच नसतं, त्यामुळे ही लस त्याला ओळखत नाही. त्याच्यासाठीच्या लसींवर काम चालू आहे. तोवर उकळलेलं पाणी आणि धुतलेले हात.